चार चमचे दे! घरच्या घरी, खेळता खेळता अक्षरं आणि आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवर्गाच्या दारात मूल सोडायला आलेले पालक जाता जाता एखादा प्रश्न विचारतात. 'एकच मिनिट हं' म्हणून सुरू झालेलं बोलणं अर्धा तास चालतं. इतक्या वर्षांत प्रश्न फारसे बदललेले नाहीत. माझी उत्तरं मात्र बदलत गेली. आज जी देते, ती इथे लिहिली आहेत. वय साधारण अडीच ते सहा धरलं आहे.

सुरुवात कोणत्या वयात करावी?

तुम्ही ती केव्हाच केली आहे. झबलं घालताना 'हा एक हात, आता दुसरा हात' म्हणालात ते मोजणंच होतं. मांडीवर थोपटत यमकं जुळवलीत, तो भाषेचा पहिला धडा होता. पण हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा वेगळंच असतं: पाटी हातात कधी द्यायची?

तिची घाई नको. साडेतीन वर्षांच्या मुलाला 'क' ओळखता आला नाही तर काही बिघडत नाही. त्याच्याशी कुणी पोटभर बोललंच नसेल, त्याचं ऐकून घेतलं नसेल, तर मात्र ती उणीव कितीही गिरवून घेतलं तरी भरून निघत नाही. लिपी ही बोलण्याची खूण आहे आणि आकडा ही संख्येची. ज्याची खूण ते आधी ओळखीचं झालं की खूण शिकायला फार वेळ लागत नाही.

आमची मुलगी शंभरपर्यंत न अडखळता म्हणते. म्हणजे मोजणं आलं ना?

साडेतीन वर्षांची एक मुलगी वडिलांचं बोट धरून वर्गात आली. वडिलांनी सांगायचा अवकाश, तिने एका दमात पन्नासपर्यंत म्हणून दाखवलं. मी तिच्यापुढे चमच्यांचा डबा ठेवला आणि म्हटलं, "मला चार चमचे दे." तिने मूठभर उचलून माझ्या हातात ठेवले. "मोज बरं." ती एकेका चमच्याला बोट लावत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. अगदी बरोबर. "मग किती झाले?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं, "एक, दोन, तीन…"

वडील ओशाळले. खरं तर ओशाळण्यासारखं काही नव्हतं. 'किती?' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे शेवटी उच्चारलेला शब्द, हे तिला अजून उमगलं नव्हतं. तिच्यासाठी 'किती' म्हणजे 'ते गाणं पुन्हा म्हण'.

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्यामागचे पाच नियम मांडले. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम दर वेळी तोच. शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. काहीही मोजता येतं, वस्तू असोत, आवाज असोत की उड्या. आणि कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर बदलत नाही. पाठांतरातून येतो तो फक्त दुसरा नियम. बाकीचे चार हाताने वस्तू हलवत हलवतच कळतात. या सगळ्यांत मुलं सर्वाधिक अडकतात ती तिसऱ्यावर.

कॅरन विन यांच्या १९९०च्या सुमाराच्या अभ्यासांतून दिसलं की हे टप्प्याटप्प्याने होतं. आधी मुलाला फक्त 'एक' कळतं: एक मागितलं तर एक देतं, बाकी काहीही मागा, मूठभर मिळेल. मग 'दोन' कळतं, मग 'तीन'. दोन टप्प्यांमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात. त्यानंतर कधीतरी एकदम किल्ली फिरते आणि पाच, सहा, आठ, जितकं मोजता येतं तितकं देताही येतं.

म्हणून घरी हा खेळ खेळून बघा. एक दे, दोन दे, तीन दे. मूठ कुठे सुरू होते ते लक्षात ठेवा आणि त्याच्या एकच पायरी पुढचं खेळा. दोनपर्यंत जमत असेल तर काही आठवडे घरात तीनचं राज्य: तीन मोजे, तीन गाड्या, तीन उड्या. आधी 'हे तीन मोजे' म्हणायचं, मग 'एक, दोन, तीन' मोजायचं आणि शेवटी सगळ्यांवरून हात फिरवून पुन्हा 'तीन!'. या हात फिरवण्याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. 'तीन' हे तिसऱ्या मोज्याचं नाव नसून सगळ्या ढिगाचं आहे, हे त्यातून दिसतं.

मोजायला खेळणी, मणी, संच विकत आणावे लागतील का?

नाही. घरातल्या कामांमध्ये जेवढं मोजणं आहे तेवढं कुठल्याही संचात नाही. ताटं मांडणं हा माझा सगळ्यात आवडता खेळ. घरात चार माणसं, प्रत्येकाला एक ताट, प्रत्येक ताटात एक चमचा. एक चमचा कमी पडला की मुलाला ते कुणी सांगावं लागत नाही, कारण एका ताटात चमचाच नसतो. चूक वस्तूच दाखवते, तुम्ही 'चुकलं' म्हणायची गरजच उरत नाही.

वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं, जिना चढताना पायऱ्या मोजणं, डब्यांची झाकणं लहान-मोठी लावणं, आज किती बटणं लागली आणि एक लावायचं राहिलं का ते बघणं, हे सगळं चालतं. आकडे नसलेले शब्दही त्यातच येतात: जास्त, कमी, सारखे, आधी, नंतर, मधे, अर्धं, पुरलं, उरलं. हे शब्द न कळल्यामुळे पुढे पहिलीत कितीतरी मुलं बेरजेत अडतात आणि आपण म्हणतो गणित कच्चं आहे.

एक सावधगिरी मात्र हवीच. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात मणी, बिया, बटणं, गोट्या अशा तोंडात जाणाऱ्या वस्तू देऊ नका. थोरलं भावंड खेळत असेल तरी खेळ संपल्यावर जमिनीवर शोधून उचला.

न मोजताच 'तीन आहेत' म्हणते. अंदाज मारते का?

नाही, दिसतं तिला. तीनपर्यंत, मोठ्यांना साधारण चारपर्यंत, वस्तू न मोजता एका नजरेत कळतात. ही मोजणीइतकीच महत्त्वाची शक्ती आहे. फाशावरचे ठिपके तिच्यासाठी उत्तम. थोड्याच दिवसांत मूल पाच ठिपके मोजायचं सोडून नुसतं बघून 'पाच' म्हणायला लागतं. मी कधी कधी तळहाताखाली दोन-तीन बटणं झाकते, क्षणभर हात उचलते, पुन्हा झाकते: 'किती होती?' मग मूल माझी परीक्षा घेतं. त्यात मी मुद्दाम चुकते. मला दुरुस्त करताना मुलं जितक्या काळजीने मोजतात, तितकी एरवी कधीच मोजत नाहीत.

वस्तू पसरून ठेवल्या की त्याला जास्त वाटतात. हे काय?

वयाचा भाग. सहा बटणांच्या दोन रांगा समोरासमोर मांडा, दोन्ही सारख्या आहेत हे मुलाकडून वदवून घ्या, मग त्याच्या डोळ्यांदेखत एक रांग लांबवा. चार-पाच वर्षांचं मूल बहुधा लांब रांगेत जास्त आहेत असंच सांगेल. ज्याँ पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत ही समज पक्की होते. वाद घालू नका. 'मोजून बघायचं?' एवढं विचारा आणि उत्तर त्याच्यावर सोडा.

बोटांवर मोजू द्यावं का? सवय लागेल ना!

द्यावं. लागली तर लागू दे, पुढे आपोआप सुटते. या वयात बोटं लपवायला लावणं म्हणजे चालायला शिकणाऱ्याचा आधार काढून घेणं.

दहापर्यंत ठीक, पण अकरापासून गोंधळ. वीसच्या पुढे तर सगळंच उलटंसुलटं.

यात मुलाचा दोष फार थोडा, आपल्या संख्यानामांचा बराच. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि बाराला 'दहा-दोन' म्हणतात, त्यामुळे दहाच्या पुढचा क्रम तिथली मुलं लवकर पकडतात असं अभ्यासांत दिसलं आहे. मराठीत 'अकरा' ऐकून त्यात दहा आणि एक आहेत हे कुणाला कळेल? 'एकोणीस'मध्ये तर 'एक' ऐकू येतो, 'नऊ' ऐकूच येत नाही. वीसला एक कमी, ही त्यामागची युक्ती. एकोणतीस, एकोणचाळीस असं हे चालत जातं आणि नव्याण्णवला नेमका नियम मोडतो.

वर उच्चाराचा क्रम उलटा. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. मूल ५२ लिहितं तेव्हा ते निष्काळजी नसतं, उलट आपण जसं बोललो तसंच इमानाने लिहीत असतं.

माझा उपाय साधा आहे. अकरा ते वीस या संख्या काड्या घेऊन खेळायच्या. दहा काड्यांना रबर लावून जुडी करा. एक जुडी आणि सुट्या तीन: 'दहा आणि तीन, तेरा.' दोन्ही नावं जोडीने म्हणायची, टोपणनाव आणि पूर्ण नाव म्हणतो तशी. दोन जुड्या आणि पाच सुट्या म्हणजे पंचवीस, हे हाताला कळलं की उलटा उच्चार फार त्रास देत नाही. आणि शाळेत जाण्याआधी वीसच्या पुढे गेलंच पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही. दहापर्यंत घट्ट असलेलं मूल शंभरपर्यंत नुसतं म्हणणाऱ्याच्या बरंच पुढे असतं.

पटावरचे खेळ चालतील का? सापशिडी?

पटावरचे खेळ हवेतच, पण सापशिडी थोडी नंतर. तिच्यात शंभर घरं असतात आणि प्रत्येक ओळीला दिशा बदलते. चार वर्षांच्या मुलाचं निम्मं लक्ष आपण कुठल्या बाजूला चाललोय यातच जातं.

रॉबर्ट सिगलर आणि गीता रामाणी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार आवडतो. त्यांनी बालवाडीच्या वयातल्या मुलांना एका सरळ रेषेत एक ते दहा आकडे लिहिलेला पट दिला. फिरकी फिरवायची, एक किंवा दोन येईल, तितकी घरं पुढे जायचं. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांचे चारच डाव झाले. आकडे ओळखणं, मोजणं, दोन संख्यांत मोठी कुठली ते सांगणं, या सगळ्यांत मुलं सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. आकड्यांऐवजी नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांमध्ये तसं झालं नाही.

पुठ्ठ्याची लांब पट्टी कापा, दहा चौकोन आखा, डावीकडून उजवीकडे आकडे लिहा. दोन बटणं या सोंगट्या. फाशाऐवजी दोन चिठ्ठ्या: एकीवर १, दुसरीवर २. आता सगळी गोम पुढे आहे. सोंगटी पाचवर असेल आणि दोन आले, तर 'एक, दोन' म्हणत सरकायचं नाही. 'सहा, सात' म्हणायचं. घरावर लिहिलेला आकडा उच्चारला तरच खेळाचा खरा फायदा होतो, हेही पुढच्या एका अभ्यासात दिसलं. मुलं सुरुवातीला 'एक, दोन'च म्हणतात. तुम्ही तुमच्या पाळीला 'सहा, सात' म्हणत राहा.

अक्षरओळखीची सुरुवात कशाने करू?

कानाने. शब्द आवाजांचा बनलेला असतो आणि तो तोडता-जोडता येतो, हे कळल्याशिवाय अक्षर म्हणजे नुसती नक्षी.

आधी यमक: 'पाटी, वाटी, आणखी काय?' मूल 'फाटी' म्हणालं तरी शाबासकी द्या, अर्थ नसला तरी यमक जुळलंय. मग टाळ्या: शब्दाचे तुकडे पाडत टाळी वाजवायची. ब-टा-टा, तीन टाळ्या. इथे एक गंमत होते. 'कमळ' बोलताना आपण 'क-मळ' म्हणतो, म्हणजे टाळ्या दोन. लिहिताना अक्षरं तीन. ज्या मुलाला अजून लिपी माहीत नाही ते दोन टाळ्या वाजवू शकतं. ते चूक नाही, त्याचा कान चांगला आहे.

मग पहिला आवाज. 'माझ्या डोळ्यांना असं काहीतरी दिसतंय, ज्याची सुरुवात 'प'ने होते.' पंखा, पडदा, पिशवी, पाय. घरातून बाहेर पडताना, रांगेत उभं असताना, कुठेही चालतो हा खेळ. फक्त 'च' आणि 'ज' निवडताना सांभाळा. 'चाक' आणि 'चिमणी' दोन्ही एकाच अक्षराने लिहितो, पण म्हणून बघा, सुरुवातीचा आवाज एक नाही. 'चमचा' चाकाच्या बाजूचा, 'चेंडू' चिमणीच्या बाजूचा. एकदा एका मुलाने मला ठणकावून सांगितलं होतं की चाक आणि चिमणी एकत्र येऊच शकत नाहीत. मी तेव्हा नवखी होते, त्याला चूक ठरवलं. आज त्याची माफी मागितली असती.

अ-आ-इ आधी की क-ख-ग?

दोन्ही नाही. आधी त्याचं स्वतःचं नाव. जगातलं कुठलंही अक्षर मुलाला आपल्या नावातल्या अक्षराइतकं प्रिय नसतं. चपलांच्या जागेवर, पाण्याच्या बाटलीवर, चित्राच्या कोपऱ्यात त्याचं नाव ठळक लिहा. मग आई, बाबा, ताई, दादा. नावाच्या चिठ्ठ्या करून 'आज ही बाटली कुणाची?' हा डाव खेळा.

त्यापुढे अक्षरं घेताना वर्णमालेच्या क्रमाने जाण्याची सक्ती नाही. तो क्रम उच्चाराच्या जागांप्रमाणे लावलेला आहे, शास्त्र म्हणून देखणा, पण तीन-चार वर्षांच्या हाताला आणि डोळ्याला तो सोयीचा नाही. ग, म, भ, न ही वळणाने जवळची अक्षरं एकत्र घ्यायची पद्धत जुनी आहे आणि ती मला पटते. चार अक्षरं आली की लगेच शब्द होतात: मग, नग, गमन, मन, नभ. अक्षर शिकल्याच्या दिवशीच शब्द वाचता आला तर मुलाला ते कशासाठी शिकतोय हे कळतं. ङ आणि ञ सुट्ट्या वाचून कुणाचं पोट भरत नाही.

मात्र वळणं फारच सारखी असली की घोळ होतो. घ आणि ध, ड आणि ढ. एक पक्कं झाल्यावर मध्ये काही दिवस जाऊ देऊन दुसरं आणा.

बाराखडी पाठ करून घ्यायची ना?

गाणं म्हणून म्हणा, हरकत नाही. पण बाराखडी घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं मधूनच 'कु' दाखवला की 'क'पासून सुरुवात करून तिथपर्यंत येतात. तेच ते, चमच्यांचं प्रकरण.

खुणा एकेक करून द्या. काना सगळ्यात सोपा, अक्षराच्या पुढे उभा राहतो आणि बोलतानाही नंतर येतो. पहिली वेलांटी अवघड, कारण ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. 'कि' वाचताना मूल वेलांटीपाशी थबकतं, ते त्यामुळे. एका कार्डावर अक्षर, दुसऱ्या पारदर्शक कागदावर नुसती वेलांटी, आणि तो कागद सरकवून 'क'चा 'कि' करायचा. हा खेळ मुलं स्वतःहून पुन्हा पुन्हा मागतात.

आपल्यासारख्या लिप्यांत अक्षरं आणि खुणा मिळून शेकडो आकार होतात. कन्नड शिकणाऱ्या मुलांवरच्या संशोधनात हे पूर्ण आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं जातात असं आढळलं आहे. तेव्हा पाच वर्षांच्या मुलाकडून जोडाक्षरांची अपेक्षा कशाला?

गोष्ट वाचून दाखवताना आणखी काही करायचं का? तो तर रोज तेच पुस्तक आणतो.

आणू दे. पहिल्यांदा गोष्ट कळते, पाचव्यांदा शब्द कळतात, दहाव्यांदा मूल स्वतः 'वाचून' दाखवतं. पान उलटून पाठ झालेलं वाक्य म्हणणं हीसुद्धा वाचनाची सुरुवात आहे.

करायचं ते एवढंच: मधे मधे त्याला बोलू द्या. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना प्रश्न विचारायला, मुलाच्या उत्तरात भर घालायला आणि ते वाढवून परत म्हणायला शिकवलं. महिनाभरातच त्या मुलांचं बोलणं इतरांच्या तुलनेत पुढे गेलं. म्हणजे मूल म्हणालं 'कुत्रा', तर तुम्ही 'हो, ओला झालेला कुत्रा. का बरं ओला झाला असेल?' उत्तरासाठी थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणं मोठ्यांना फार जड जातं.

प्रश्नांचा भडिमार मात्र नको. झोपताना वाचत असाल तर नुसतं वाचा. आणि एरवी कधीतरी ओळीखालून बोट फिरवा, कारण वाचून दाखवताना मुलांची नजर चित्रांवर खिळलेली असते, अक्षरांवर क्वचितच जाते.

लिहायला कधी बसवू? पेन्सिल नीट धरत नाही.

बसवू नका. हात तयार होऊ द्या. मातीचा गोळा मळणं, कागद फाडणं, चिमट्याने कापूस उचलणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, कात्री चालवणं, ही सगळी लेखनाचीच तयारी आहे. दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं; तीन बोटांची पकड साधारण चार ते सहाच्या दरम्यान येते. लांब पेन्सिलीपेक्षा बोटभर खडूचा तुकडा द्या. तो मुठीत मावतच नाही, बोटांनीच धरावा लागतो.

अक्षरांचा आकार आधी मोठा काढू द्या. जमिनीवर खडूने हातभर 'ग' काढा आणि त्यावरून गाडी चालवू द्या. पाण्यात बुडवलेल्या ब्रशने भिंतीवर लिहा, वाळलं की आपोआप पुसलं जातं. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे मुलं खरकागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि त्याच वेळी त्यांचा आवाज ऐकत. आपल्याकडे धुळाक्षरं होतीच. ताटलीत बारीक वाळू घ्या, झालं.

पानभर 'अ' गिरवायला लावण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पहिल्या ओळीतले तीन 'अ' बरे असतात, शेवटच्या ओळीतले बघवत नाहीत. म्हणजे सराव नेमका कशाचा झाला?

आकडे आणि अक्षरं उलटी काढते. काळजीचं कारण आहे?

सहा-सात वर्षांपर्यंत नाही. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, असं डोळे आणि मेंदू जन्मापासून शिकत आलेले असतात. मग अचानक आपण सांगतो की इथे दिशा बदलली तर वस्तूच बदलते. आपले ३ आणि ६ तर जवळपास एकमेकांचे आरसेच. 'हे उलटं आहे' म्हणण्यापेक्षा 'तीनचं पोट कुठल्या बाजूला?' असं विचारा आणि हवेत हात फिरवून काढून बघा.

मनाने काहीतरी लिहिते, सगळं अशुद्ध. लगेच सुधारू का?

नको! 'मी घरी आले' याऐवजी एखादी मुलगी 'म घर अल' लिहिते, तेव्हा तिने तिन्ही शब्दांतले आवाज ओळखून प्रत्येकाला खूण शोधलेली असते. हे गिरवण्याहून कितीतरी अवघड काम आहे. 'मला वाचून दाखव' म्हणा, आणि तुमच्या उत्तराच्या चिठ्ठीत तेच शब्द शुद्ध लिहा: 'तू घरी आलीस, मला आनंद झाला.' चिठ्ठ्यांचा हा व्यवहार आमच्या वर्गात एका रिकाम्या खोक्यातून चालतो.

शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. घरी मराठीत खेळलो तर गोंधळ होईल का?

होणार नाही. ज्या भाषेत तुम्हाला विनोद करता येतो, रागावता येतं, गोष्ट रंगवता येते, त्या भाषेत खेळा. शब्द तुटतो, आवाज वेगळे काढता येतात, पाच म्हणजे पाच वस्तू, ही समज एका भाषेत आली की दुसरीत नव्याने शिकावी लागत नाही.

घोळ होतो तो चिन्हांचा. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मराठी सातला इंग्रजी सहा समजणारी मुलंही मी पाहिली आहेत. दोन्ही आकडे एकाच तक्त्यावर एकाच आठवड्यात शिकवू नका. एक संच पक्का होऊ द्या. दुसरा लिफ्टमध्ये, फोनवर, घड्याळात दिसतच राहतो. त्याला 'तिकडचा पाच' म्हणा, मुलांना एवढं पुरतं.

शिकवणारी अ‍ॅप आणि व्हिडिओ?

थोडक्यात: कमी, आणि शेजारी बसून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसून घालवलेला वेळ दिवसाला एक तासाहून जास्त नसावा, कमी असेल तितकं बरं. वर्षाच्या आतल्या बाळांसाठी तर नकोच. माझी अ‍ॅपबद्दलची तक्रार मात्र वेगळी आहे. त्यातला चमचा हातात येत नाही, खाली पडून आवाज करत नाही आणि कुणाच्या ताटात कमीही पडत नाही.

तो एका जागी बसतच नाही.

मग उभ्याने शिकवा. सात उड्या मारून दारापर्यंत ये. जमिनीवर अक्षरं टाकून 'न'वर पाय ठेव. पाच वस्तू शोधून आण, पण सगळ्या गोल. दहा मिनिटं झाली आणि तो दुसरीकडे वळला तर खेळ संपला. 'आणखी एकदा' म्हणायचा हक्क त्याचा आहे, तुमचा नाही.

दाखवण्यासारखी अडचण आहे हे कधी ओळखावं?

मूल हाकेला वारंवार ओ देत नसेल, आवाज मोठा करून मागत असेल, किंवा चार वर्षांचं झालं तरी त्याचं बोलणं परक्या माणसाला फारसं कळत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल तर डोळे. आधी येत असलेले शब्द हरवत चालले असतील तर वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा. अक्षरं उशिरा येणं, आकडे उलटे काढणं, शेजारच्या मुलीला येतं ते न येणं यांसाठी पाच वर्षांच्या मुलाला कुठे न्यायची गरज नसते.

चाचणी घ्यायची नाही, मग प्रगती कळणार कशी?

दर महिन्याला त्याने काढलेलं एक चित्र तारीख घालून पुठ्ठ्याच्या फाइलीत ठेवा, कोपऱ्यात त्याने स्वतः लिहिलेल्या नावासकट. सहा महिन्यांनी ते कागद शेजारी शेजारी मांडून बघा. आणि कान उघडे ठेवा. प्रगती बहुतेकदा भलत्याच वेळी दिसते.

त्या पन्नासपर्यंत म्हणणाऱ्या मुलीचंच सांगते. काही महिन्यांनी आम्ही खोटं खोटं जेवण मांडत होतो. मी दुसऱ्याच मुलाशी बोलता बोलता तिला म्हटलं, "चार चमचे दे गं." तिने तीन दिले. मी ते घेऊन वळले, तर मागून तिने माझी ओढणी ओढली. स्वतःची बोटं दुमडत एकदा मोजली, चौथ्या बोटापाशी थांबली, डब्यातून आणखी एक चमचा काढला आणि माझ्या हातात ठेवत म्हणाली, "हा राहिला होता."